तीन विटांची उंची

आमच्या दुकानासमोर रोज सकाळी सात-सव्वासातला एक पिकअप येऊन थांबते. ड्रायव्हर खाली उतरतो आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो. त्याच वेळी पप्पांनाही वेल्डिंगच्या टेबलाखाली काहीतरी शोधायचं असतं. पाच-सात मिनिटं कुणी पुरुष त्या गाडीकडं बघत नाही. तेवढ्यात बारा-तेरा बाया मागच्या बाजूनं आत चढतात. आतून "चल रे" असा आवाज आला की ड्रायव्हर वळतो आणि गाडी निघते.

हे कुणी ठरवून दिलेलं नाही. पिकअपच्या मागं जो खाली पडणारा दरवाजा असतो, त्याला आमच्याकडं फाळका म्हणतात. पोती भरताना तो उघडतात. बायांसाठी कुणी उघडत नाही, कारण उघडला की तो साखळ्यांवर आडवा राहतो आणि पाय ठेवायचा बंपर त्याच्याखाली झाकून जातो. म्हणून बंद फाळक्यावरूनच चढायचं. एक पाय बंपरवर, हात वरच्या कडेवर, आणि दुसरा पाय हवेतून पलीकडं. साडी कितीही सावरली तरी पोटरी उघडी पडते. तेव्हा पुरुषांनी बघायचं नाही, एवढंच.

मी बघत असे. आमचं घर दुकानाच्या मागं, वसमत संपून शेतं सुरू होतात तिथं आहे. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून, दुकानाच्या कडेनं, गाडीची मागची बाजू नीट दिसते. मी डिग्री करून घरी आहे. लॅपटॉपवर थोडं काम करते आणि दुकानाचे मेसेज बघते. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, तिथं मी वर्गात हात वर न करणाऱ्या मुलींपैकी होते. घरी आल्यावरही ती सवय सुटली नाही. मला दिसतं पुष्कळ, बोलायला मात्र फार वेळ लागतो. खिडकी मला सोयीची वाटते ती त्यामुळंच.

बायांच्या त्या टोळीची म्होरकी आमच्या मागच्या गल्लीतली मावशी आहे. ती माझी सख्खी मावशी नव्हे, पण सगळ्यांचीच मावशी आहे. पंचावन्नच्या पुढची असेल. कुणाच्या शेतात जायचं, किती जणी लागतील, हे तीच ठरवते. सगळ्या चढल्या की ती बाहेरून डोकी मोजते आणि शेवटी चढते. हळदीच्या हंगामात त्यांना सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडच्या शेतांत काम असतं. ट्रॅक्टरनं जमीन उकरून ठेवलेली असते. या बाया बारदानावर बसून गड्डे मोडतात, माती झटकतात, हळकुंडं वेगळी करतात. मावशीच्या हाताला त्यात तोड नाही, हे मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही, बाकीच्यांच्या तोंडून ऐकलं.

पण गेल्या दोन वर्षांत तिचा डावा गुडघा गेला. हंगाम सुरू होऊन आठवडा झाला असेल, एका सकाळी बंपरवरून तिचा पाय घसरला आणि ती जमिनीवर बसली. लागलं फार नाही. ड्रायव्हर, जो गाडीचा मालकही आहे, आवाज ऐकून वळला आणि लगेच परत फिरला. मदतीला जावं की न जावं, हे त्याला कळेना. संध्याकाळी गाडी परत आल्यावर तो तिला म्हणाला, "मावशे, तुमी आता राहू द्या. पडल्या-बिडल्या तर माझ्यावर यील."

"गड्डे मोडायला हात लागतेत का गुडघे?" मावशी म्हणाली.

"हातच लागतेत. पण हात तिथं न्यायचे कसे?"

बाया हसल्या. मावशी हसली नाही. "ही हळद निघू दे, मंग बघू," एवढंच म्हणून ती गल्लीत वळली. ड्रायव्हरनं आठ दिवसांची सवलत दिली, तसाही तेवढ्यात त्याला फाळका बदलायचा होता. खतांच्या गोण्यांनी जुना फाळका खालून पार सडला होता. नवा बसेपर्यंत मावशीनं यावं, नंतर तिनं आपण होऊन थांबावं, असं त्या दोघांत न बोलता ठरल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी ड्रायव्हर मोबाईल पुढं करत दुकानात आला. "काका, असला फाळका पाहिजे."

पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे कुठलं हाय?"

"अमेरिकेतलं. सहा तऱ्हेनं उघडतो. बटन दाबलं की आपोआप पडतो. बघा, अर्धा दुमडला की बसायला बाकडं होतं. हे गोल खड्डे कॉफी ठेवायला. आन यात गाणी बी वाजतेत."

"फाळक्यात गाणी?"

"व्हय. आतून स्पीकर."

"मंग हळदीची पोती नाचत उतरतील, तुला हमाल लागायचा न्हाई."

"हसा काका. तो माणूस काय सांगून राहिला ते आधी ऐका. ताईला बोलवा, इंग्रजीत हाय."

माझ्या इंग्रजीचा दुकानाला असा उपयोग होतो. मी बाहेर येऊन व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस फाळका सावकाश उघडून एकेक सोय दाखवत होता. मागं कॅमेरा, गाडी वळवताना सोपं जावं म्हणून. फाळक्याच्या कडेवर पट्टीसारखे आकडे, लाकूड मापायला. उघडताना दणकन पडू नये म्हणून आत गॅसचे दांडे. मी सांगत गेले आणि पप्पा एकेक गोष्ट खोडत गेले. कॅमेरा चिखलानं दोन दिवसांत आंधळा होईल. बटणाचं वायरिंग उंदीर खातील. गॅसचे दांडे मात्र त्यांना आवडले. भंगारातल्या कारच्या डिकीचे काढून बसवता येतील म्हणाले.

शेवटी त्या माणसानं फाळक्याचा एक भाग दारासारखा बाजूला उघडला, खालून एक पायरी ओढून काढली आणि तिच्यावर पाय देऊन आत गेला. हात न टेकता, बोलता बोलता.

"यात पायरीपण आहे," मी म्हणाले.

ड्रायव्हर म्हणाला, "हां, ते बी हाय." त्याचं लक्ष स्पीकरकडं होतं. पप्पांनी मात्र मान वर केली. व्हिडिओ मागं नेऊन ती पायरी त्यांनी तीनदा पाहिली. मावशीचं नाव आमच्यापैकी कुणीच घेतलं नाही.

पप्पांनी पाच दिवसांत फाळका केला. त्यांना काम करताना बघणं हे माझ्या लहानपणापासूनचं सुख आहे, पण त्या पाच दिवसांत ते वेगळेच होते. एरवी फाळका म्हणजे चौकट आणि पत्रा, अर्ध्या दिवसाचं काम. या वेळी त्यांनी खडूनं जमिनीवर पूर्ण मापाचं चित्र काढलं. फाळक्याचे दोन भाग केले. मोठा भाग नेहमीसारखा खाली पडणारा, पोत्यांसाठी. उजवीकडचा लहान भाग दारासारखा बाजूला उघडणारा. त्या दाराखाली बिजागरीवर एक पायरी, वर खरबरीत पत्रा, पाय घसरू नये म्हणून. गाडी चालू असताना ती वर दुमडून खिटी घालायची. धरायला उजव्या हाताशी एक उंच दांडा. डिकीचे दांडे लावल्यामुळं मोठा भाग असा हळुवार उतरत होता, की ड्रायव्हरनं तो दहा वेळा उघडझाप करून पाहिला आणि स्पीकरचं विसरून गेला.

पप्पा स्वतः चढून दाखवत होते. "एक पाय इथं, दुसरा आत. झालं."

सोमवारी सकाळी गाडी नवा फाळका घेऊन उभी राहिली. ड्रायव्हर रस्त्याकडं तोंड करून, पप्पा टेबलाखाली वाकलेले. सवय मोडली नव्हती. तरण्या बाया चटाचट चढल्या. दार उघडल्यामुळं फाळक्यावरून पाय टाकावा लागला नाही, याचं त्यांना कौतुक वाटलं. "अगं बाई, बसस्टँडवर आल्यावाणी वाटून राहिलं," एक जण म्हणाली.

मग मावशी. एका हातात डब्याची पिशवी आणि पाण्याची कॅन, दुसऱ्या हातानं साडीच्या निऱ्या वर धरलेल्या. दांडा धरायला तिच्याकडं हातच उरला नव्हता. तिनं पिशवी आणि कॅन वर दिली, दांड्याकडं हात नेला, तो तिच्या खांद्याच्या वर होता. उजवा पाय उचलला. पायरीच्या कडेला अंगठा लागला आणि पाय खाली आला. पुन्हा उचलला. मग आतल्या दोघींनी वाकून तिला काखेत धरलं आणि एखादं पोतं ओढावं तसं वर घेतलं. तिचा डावा गुडघा पत्र्याच्या कडेवर घासला. तिनं ओठ आवळले, आवाज केला नाही.

"जमलं का?" पप्पांनी टेबलाखालूनच विचारलं.

"जमलं ना भाऊ," मावशी आतून म्हणाली. "लई छान केलं."

"चल रे," कुणीतरी म्हणालं. ड्रायव्हर वळला.

मी खिडकीत होते. गाडी गेली तरी मी तिथंच बसून राहिले. पप्पांनी हात पुसले, फाळक्याचा आदल्या दिवशी काढलेला फोटो माझ्याकडून मोबाईलच्या स्टेटसवर टाकून घेतला. खाली काय लिहू, मी विचारलं. "काही नको लिहू. दिसतंय की," ते म्हणाले. मी फोटो टाकला. बोलायची ती वेळ होती आणि मी ती जाऊ दिली. तसं अवघड काहीच नव्हतं. पण ते इतके खूश होते, आणि मावशी स्वतः 'जमलं' म्हणाली होती. तिनं जे झाकलं ते मी का उघडावं, असंही मी मनाला सांगितलं. गप्प राहणाऱ्या माणसाला अशी कारणं फार पटकन सापडतात.

मंगळवारी मावशी आली नाही. "ताप हाय तिला," बाया म्हणाल्या. बुधवारीही ताप होता. डोकी मोजायला कुणी नव्हतं, त्यामुळं त्या दिवशी एक बाई मागं राहिली आणि गाडीमागं ओरडत पळाली. ड्रायव्हर चिडला. पप्पा हसले. मला हसू आलं नाही.

दुपारी चहा देताना मी पप्पांना सांगितलं. "मावशीला ताप नाहीये. पायरी उंच झाली. सोमवारी तिला ओढून घेतलं वर."

त्यांनी कप खाली ठेवला. "कोण म्हणलं?"

"मी पाहिलं."

"मंग ती जमलं काहून म्हणली?"

ते उठले, खडूचं ते चित्र अजून जमिनीवर होतं त्याच्याजवळ गेले. पायरीच्या रेघेवर उभं राहून त्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं. माप तिथून घेतलं होतं, त्यांच्या गुडघ्याच्या दोन बोटं खालून. म्हणाले, "बाई, वीस वर्षं झाली फाळके करून राहिलो म्या. बाया कशा चढतेत ते मला म्हाईतच न्हाई. आपण तोंड फिरवून उभे."

त्यांच्या बोलण्यात कुरकुर नव्हती, नवल होतं. मीही त्या क्षणापर्यंत हे असं पाहिलं नव्हतं. तोंड फिरवणं चांगलंच होतं. पण त्या चांगुलपणामुळं फाळका बनवणारा, चालवणारा, विकत घेणारा यांपैकी कुणीच कधी ते पाय पाहिले नव्हते. पाहिले ते फक्त मी, आणि मी खिडकीच्या आत होते.

"आता तिला विचारायचं कसं?" पप्पा म्हणाले. "म्या जाऊन पाय किती उचलतो म्हणून विचारू का?" मग खिशातला टेप काढून त्यांनी माझ्यापुढं धरला.

मी मावशीच्या घरी एकटी कधी गेले नव्हते. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. हाताला हळदीचा पिवळा रंग तसाच होता.

"ताप कसा आहे?" मी विचारलं.

"हाय थोडा." तिनं माझ्या हातातल्या टेपकडं पाहिलं. "हे काय? माझं माप घ्यायला आली का? एवढ्यात न्हाई मरत म्या."

"पायरीचं माप घ्यायचंय. पायरी चुकली."

"न्हाई गं लेकरा, पायरी बराबर हाय. तुझ्या पप्पानं लई मन लावून केली."

"मी सोमवारी खिडकीत होते, मावशी."

तिचा हात थांबला. मला वाटलं ती रागावेल. ती लसणाची सालं फुंकून म्हणाली, "मंग तवाच काहून न्हाई बोलली?"

मी म्हणाले, "चुकलं माझं."

"बोलत जा. तोंड हाय ना तुला." मग तिनं कोपऱ्यातल्या विटांकडं बोट केलं. "आण त्या इकडं."

टेपपेक्षा विटा बऱ्या, असं तिचं म्हणणं. मी एक वीट आडवी ठेवली, ती चढली. दोन ठेवल्या, चढली. तीनला तिनं भिंतीला कोपर टेकवलं आणि चढली. चारला पाय उचलला, पुन्हा उचलला, खाली ठेवला. "तीन," ती म्हणाली. मी टेप लावला. नऊ इंच. पप्पांची पायरी सतराच्या वर होती.

तोवर शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. "काय चालू हाय?" "मावशीची परीक्षा." "मंग आमची बी घे की!" एक भरल्या अंगाची बाई विटांवर चढून म्हणाली, "मला बी तीनच बऱ्या, पण सांगू कुणाला? हे मुडदे तिकडं तोंड करून उभे." सगळ्या हसल्या, मीही. मग मी ज्या गोष्टी खिडकीतून पाहून ठेवल्या होत्या, त्या विचारत गेले. आधी कुठला पाय? दुखरा खाली, चांगला वर. हात कुठं टेकवावासा वाटतो? वर नाही, कोपराजवळ. आणि हातातलं सामान? त्यावर सगळ्या एकदम बोलल्या. पिशवी आधी ठेवायला जागा पाहिजे, साडी धरायला एक हात मोकळा पाहिजे. मी सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. इतक्या बायांशी सलग इतका वेळ मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

पप्पांनी ते दोनदा वाचलं. एका पायरीच्या जागी दुमडणाऱ्या तीन पायऱ्या केल्या, प्रत्येकीची उंची तीन विटा. उंच दांडा कापला आणि दाराच्या कडेलाच डावीकडं कोपराच्या उंचीवर गोल पाईप लावला. आत पिशव्यांसाठी चार हुक. खालची पायरी लावताना ते थबकले. म्हणाले, "बाकीच्या बसल्या की गाडी दोन बोटं दबते. शेवटी चढणारीला सोपं जाईल." त्या शेवटच्या बाईला ते नावानं ओळखत होते, तरी 'शेवटी चढणारी' म्हणाले.

शनिवारी मावशी आली. नेसणं नेहमीचं, पण चपला नव्या होत्या. ड्रायव्हरनं पायऱ्या खाली सोडल्या आणि रस्त्याकडं तोंड केलं. पप्पा टेबलाखाली गेले. मी मात्र खिडकीत नव्हते. मी बाहेर येऊन गाडीपाशी उभी होते. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

बाया चढल्या. मावशीनं डोकी मोजली, बारा भरली. पिशवी हुकाला अडकवली. एका हातानं निऱ्या धरल्या, दुसरा पाईपवर. उजवा पाय वर, डावा त्याच्या शेजारी. थांबली. परत उजवा, परत डावा. आतून दोन हात पुढं आले. "सोडा गं," ती म्हणाली, आणि ते मागं गेले. तिसऱ्या पायरीवर तिनं जरा दम घेतला. साडी घोट्याच्या वर गेली नव्हती. मग ती आत गेली.

"जमलं का?" टेबलाखालून आवाज आला. या वेळी तो मला विचारलेला होता.

"जमलं," मी म्हणाले. "वरची पायरी थोडी हलते. संध्याकाळी घट्ट करा."

मावशीनं आतून फाळक्यावर थाप मारली. "अरे ए," ती ड्रायव्हरला म्हणाली, "तिकडं काय बघून राहिला? जिन्यानं चढले म्या. बघायला काय झालं?"

बाया फिदीफिदी हसल्या. ड्रायव्हर वळला, पण कुठं बघावं ते त्याला समजेना. त्यानं खाली मान घालून पायऱ्या दुमडल्या, खिटी घातली. पप्पा टेबलाखालून उभे राहिले. गुडघे झटकत त्यांनी बायांनी भरलेल्या गाडीकडं पाहिलं. सकाळच्या वेळी, गाडी उभी असताना, ते तिकडं बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"चल रे," मावशी म्हणाली.